चौथा नंबर

स्की बूट घालून चालणं म्हणजे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असताना जिना उतरणं. हे मी अनुभवाने सांगतेय, कारण मागच्या फेब्रुवारीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, स्वित्झर्लंडमध्ये आठ हिवाळे काढून आणि ऑफिसातल्या यच्चयावत लोकांनी "तू अजून स्कीइंग शिकली नाहीस?" असं विचारून झाल्यावर मी एकदाची म्यूरेनच्या बेबी स्लोपवर उभी राहिले. आणि लगेच बसले. बसले म्हणजे आपटलेच. माझ्या बाजूने चार-चार वर्षांची पोरं, डोक्यापेक्षा मोठी हेल्मेटं घालून, बदकाच्या पिल्लांसारखी ओळीने खाली सरकत होती आणि त्यांची टीचर "पिझ्झा! पिझ्झा!" ओरडत होती. पिझ्झा म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवायची, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार झाला की ब्रेक लागतो. पोरांचा लागत होता. माझा पिझ्झा काही केल्या होईना.

वर बाकावर आई बसलेली. सहा आठवड्यांसाठी कोरेगावहून आलेली, पंजाबी ड्रेसवर दोन स्वेटर, त्यावर माझा जुना जाडा कोट, मांडीवर चहाचा थर्मास. माझं तिसरं की चौथं आपटणं झाल्यावर तिथूनच ओरडली, "अगं, गुडघे वाकव की! खुर्चीत बसायला गेल्यासारखी मागं काय जातेस?" मला इतका राग आला. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघून बाईला तीन दिवस झालेले आणि ही मला शिकवणार. दहा मिनिटांनी माझा इन्स्ट्रक्टर आला आणि इंग्रजीत अक्षरशः तेच म्हणाला. वजन पुढे टाक, मागे बसू नकोस.

तर म्यूरेन. आपल्याकडचे टूरवाले इंटरलाकेनला आणतात, तिथून बहुतेक सगळे युंगफ्राउयोखच्या खिंडीत जातात, "टॉप ऑफ युरोप" करतात आणि परत. आम्ही गेलो ते दरीच्या पलीकडच्या बाजूला. खाली लाउटरब्रुनेन, दोन्हीकडे उभे कडे आणि त्यांवरून पडणारे धबधबे, आपल्या आंबोलीत पावसाळ्यात दिसतात तसे पण फेब्रुवारीत गोठून पांढरे झालेले. तिथून रोपवेने ग्रुचाल्पला चढायचं आणि पुढे कड्याच्या काठाकाठाने जाणारी एक छोटीशी गाडी, १८९१ पासून धावतेय ती. गावात मोटारी नाहीत. साधारण साडेसोळाशे मीटर उंची, म्हणजे कळसूबाईच्या टोकावर वसवल्यासारखं गाव, आणि समोर आयगर, म्योंश, युंगफ्राउ असे तिघे डोंगर उभे. म्योंश म्हणजे साधू आणि युंगफ्राउ म्हणजे कुमारिका. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मधे साधू आणि बाजूला कुमारिका? बरंय, सगळा बंदोबस्त आहे."

आता मूळ विषयावर येते. त्या रात्री पाठीला बाम चोळून पडल्या पडल्या मी फोनवर म्यूरेनबद्दल वाचायला लागले, सहज म्हणून, आणि दोन वाजले. मला वाटलेलं की असेल, श्रीमंत लोकांचं एक थंड हवेचं ठिकाण असेल. पण आज टीव्हीवर आपण जे स्कीइंग बघतो ना, ते लाल-निळ्या काठ्यांमधून वळणं घेत खाली येणं, त्याचा आजचा अवतार याच गावात तयार झालाय. १९२२ च्या २१ जानेवारीला आर्नल्ड लन नावाच्या इंग्रजाने इथे स्लॅलमची, म्हणजे या काठ्यांमधल्या वळणांची, शर्यत लावली आणि नियम एकच ठेवला: कोण कसं दिसतं, किती डौलात वळतं याला मार्क नाहीत, घड्याळ काय म्हणतं तेवढंच बघायचं.

हा लन जन्मला कुठे, तर मद्रासमध्ये. १८८८ साली. बाप हेन्री लन मेथडिस्ट मिशनरी म्हणून भारतात आलेला, वर्षभरात तब्येतीने हात टेकले म्हणून परत गेला आणि मग धर्मप्रसार मागे पडून चक्क टूर कंपनीवाला झाला. १९१०-११ च्या हिवाळ्यात म्यूरेनची गाडी चालू ठेवा म्हणून रेल्वेवाल्यांना पटवलं ते यानेच. त्याआधी हिवाळ्यात गाव बंद असायचं. आणि इथल्या प्रसिद्ध स्की क्लबचं नाव काय असावं? कंदाहार! मी दोनदा वाचलं. आपल्याला कंदाहार म्हटलं की डिसेंबर १९९९ मधलं ते अपहरण झालेलं विमान आठवतं. पण हे नाव आलं लॉर्ड रॉबर्ट्सवरून, कानपूरला जन्मलेला ब्रिटिश सेनापती, १८८० साली काबूलहून फौज घेऊन कंदाहारला गेलेला. तो का गेला? तर मैवंदला ब्रिटिशांचा दणदणीत पराभव झाला होता, आणि त्या पराभवात कापल्या गेलेल्या फौजेत आपल्या मुंबई आर्मीच्या पलटणी होत्या. या रॉबर्ट्सने पुढे म्हातारपणी १९११ मध्ये एका स्की शर्यतीला कप दिला, कपाचं नाव रॉबर्ट्स ऑफ कंदाहार, त्यावरून १९२४ मध्ये क्लबचं नाव. इतिहास असा कुठून कुठे घरंगळत जातो बघा.

पण मला दोन वाजेपर्यंत जागवलं ते या बाप्यांनी नव्हे.

१९२३ मध्ये, म्हणजे कंदाहार क्लबच्याही आधी एक वर्ष, म्यूरेनमध्ये लेडीज स्की क्लब निघाला. फक्त बायकांचा. नुसता चहा-बिस्किटांचा नाही, शर्यती लावणारा. त्याच्या जेमतेम वीस-पंचवीस वर्षं आधीपर्यंत बायका लांब लोकरी स्कर्ट घालून स्कीइंग करायच्या, आतून विजार, वरून स्कर्ट, आणि हॉटेलवाल्यांच्या नजरेआड झालं की तो स्कर्ट काढून पाठपिशवीत कोंबायचा. (हे वाचून मला कॉलेजला जाताना बस स्टँडच्या बाथरूममध्ये जीन्स बदलणारी माझी एक मैत्रीण आठवली. नाव नाही लिहीत, ती आता फार मोठी माणूस आहे.)

आणि मग डोरीन एलियट. हे नाव मी त्या रात्रीपर्यंत कधीही ऐकलेलं नव्हतं.

म्यूरेनच्या डोक्यावर शिल्टहॉर्न नावाचं शिखर आहे, २९७० मीटर. आज तिथे रोपवेने जातात, वर गोल गोल फिरणारं रेस्टॉरंट आहे, बाँडपटाचं शूटिंग झालंय म्हणून लोक फोटो काढतात. पण रोपवे आला १९६७ मध्ये. १९२८ च्या २९ जानेवारीला काही मोजके लोक, त्यात बायकाही, स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याच्या पट्ट्या बांधून ते शिखर पायी चढले. पट्ट्या अशासाठी की केसांची दिशा मागे असते, पुढे सरकता येतं, मागे घसरत नाही. वर पोचून पट्ट्या सोडल्या आणि तिथून पार खाली लाउटरब्रुनेनपर्यंत शर्यत. दोन हजार मीटरच्या वर उतार. आत्ताच्या सारखे मशीन फिरवून गुळगुळीत केलेले रस्ते नाहीत, जसा पडलाय तसा बर्फ, कुठे पीठ, कुठे काच, मधे झाडी, कुंपणं. स्की लाकडाच्या आणि बहुतेकांच्या स्कीला लोखंडी कडसुद्धा नाही, कारण ती कड नुकती कुठे निघाली होती. आता तुम्ही म्हणाल कड नसली तर काय झालं. मला दुपारी इन्स्ट्रक्टरने दाखवलं होतं, स्कीची कड बर्फात रुतली तरच वळता आणि थांबता येतं, नाहीतर कडक बर्फावर माणूस नुसता आडवा घसरत जातो, ओल्या फरशीवर साबण सुटावा तसा. मला कड होती, तरी मी सुटलेच.

शर्यतीचं नाव इन्फर्नो. म्हणजे नरक. पहिला आला त्याला एक तास बारा मिनिटं लागली. आणि डोरीन एलियट चौथी आली. बायकांमध्ये चौथी म्हणत नाहीये मी. सगळ्यांत चौथी, बाप्ये धरून.

मी फोन उशाखाली ठेवला आणि मग पुन्हा काढला, कारण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. १९२८. इंग्लंडमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने, एकविसाव्या वर्षी मत द्यायचा हक्क मिळाला तो कधी? बघितलं तर त्याच वर्षी, जुलैत. म्हणजे जानेवारीत बाई नरकातून चौथी येऊ शकत होती पण तीस पूर्ण नसती तर तिला मतदान करता येत नव्हतं.

हे झालं कसं, याचा मी बराच विचार केला, आणि माझं मत असं झालंय की हे झालं कारण तिथे राखणदार नव्हता. आमच्या गावाला आमराई होती चुलत्यांची, तिथे पोरं दुपारी शिरायची, राखणदार जेवून आडवा झाला की. म्यूरेनचं तसंच. त्या काळात नॉर्वेवाल्यांच्या लेखी खरं स्कीइंग म्हणजे लांब पल्ल्याची दौड आणि जंप. डोंगरावरून नुसतं खाली सुटणं आणि काठ्यांमधून वळणं म्हणजे इंग्रज टुरिस्टांचे चाळे. त्यात ना कुणाची परंपरा, ना कुणाचा मान, ना पैसे. त्यामुळे बायका आल्या तर येऊ देत, कोण अडवतो. आणि एकदा घड्याळ लावल्यावर तर प्रश्नच मिटला, कारण डौलाला मार्क द्यायचे असते तर मार्क देणारे तीन मिशीवाले बसले असते आणि त्यांनी "बायकांच्या मानाने बरं" असं लिहिलं असतं. घड्याळात तसा शेरा मारायला जागा नसते.

आणि हे मी उगीच म्हणत नाही. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने एकदाची या खाली सुटण्याला मान्यता दिली, आणि १९३१ च्या फेब्रुवारीत, १९ ते २३ तारखेला, म्यूरेनमध्येच या प्रकाराची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. पहिल्याच वेळी पुरुषांच्या आणि बायकांच्या अशा दोन्ही शर्यती, पुरुषांचं आधी आणि बायकांचं वीस वर्षांनी असं झालंच नाही. बायकांची डाउनहिलही (म्हणजे सुसाट खाली सुटायची शर्यत) आणि स्लॅलमही जिंकली एस्मे मॅकिनन नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने. एडिंबराची. आपल्याकडे अकरावी-बारावीचं वय. डाउनहिलला दुसरी नेल कॅरल, तीही ब्रिटिशच. पुरुषांत दोन्हीकडे स्विस जिंकले, म्हणजे ब्रिटिशांच्या घरी सुवर्णपदकं नेली ती पोरींनी. एस्मेबद्दल एक गोष्ट सांगतात की शर्यतीत जोरात खाली येताना वाटेत गावातली एक अंत्ययात्रा आडवी आली, आणि ती थांबली, जाऊ दिली, मग पुढे गेली. खरंखोटं देव जाणे, पण मोटारी नसलेल्या त्या गावातून फिरल्यावर मला ती पटते.

त्यांच्यातलीच एक ऑड्री सेल-बार्कर. १९२९ मध्ये ऑस्ट्रियात सांक्ट आंटोनची मोठी शर्यत मारली तिने. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून मग मैत्रिणीबरोबर छोट्या विमानातून लंडनहून थेट केपटाऊनला गेली, दोघीच, आणि परत येताना केनियात विमान पडलं. तर लिपस्टिकने चिठ्ठी लिहिली, विमान पडलंय, लागलंय, न्यायला या, आणि तिथल्या मसाई माणसाच्या हाती पाठवली. मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? की मरायच्या दारात पर्समध्ये लिपस्टिक सापडली.

आता दुसरी बाजू बघा, जिथे राखणदार जागा होता. क्रॉस कंट्री स्कीइंग, म्हणजे ती लांब पल्ल्याची दौड, पुरुषांसाठी पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून, म्हणजे १९२४ पासून. बायकांसाठी १९५२. स्की जंपिंग, पुरुषांसाठी तेही १९२४. बायकांसाठी २०१४! नव्वद वर्षं. आणि ती पण सहज नाही. २००५ मध्ये महासंघाचा अध्यक्ष जाहीरपणे म्हणत होता की वैद्यकीय दृष्ट्या हे बायकांना योग्य वाटत नाही, म्हणजे थोडक्यात उडी मारून आपटल्यावर आतलं काहीतरी हलेल. व्हॅंकुव्हरच्या २०१० ऑलिंपिकसाठी बांधलेल्या छोट्या टेकडीवर ऑलिंपिकच्या आधी सर्वात लांब उडीचा विक्रम कुणाच्या नावावर होता? लिंडसी व्हॅन नावाच्या अमेरिकन बाईच्या. आणि तिला त्याच टेकडीवर ऑलिंपिकमध्ये उडी मारायची परवानगी नव्हती. बायका कोर्टात गेल्या, जजने मान्य केलं की हा भेदभाव आहे, पण ऑलिंपिक समितीवर आपला कायदा चालत नाही म्हणून हात वर केले. नॉर्डिक कंबाइन्ड म्हणून जंप आणि दौड मिळून प्रकार आहे, तो तर २०२६ च्या इटलीतल्या ऑलिंपिकलाही फक्त पुरुषांचाच होता.

इथपर्यंत आल्यावर मला भारी वाटत होतं, अगदी झेंडा घेऊन निघावं असं. सकाळी नाश्त्याला आईला सगळं सांगितलं, हातवारे करून. तिने ऐकून घेतलं, ब्रेडला लोणचं लावलं (लोणचं ती घेऊन हिंडते), आणि विचारलं, "ह्या सगळ्या इंग्रज ना? मग इथल्या बायका काय करत होत्या?"

झाला ना पचका. कारण इथल्या बायका त्यांच्या खोल्या आवरत होत्या, चादरी धूत होत्या, गाई बघत होत्या. स्विस बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ मध्ये. हो, एकोणीसशे एकाहत्तर. आपल्याकडे तेव्हा पंतप्रधान बाई होती आणि माझ्या आजीने १९५२ पासून दर वेळी शिक्का मारलेला होता. १९५९ मध्ये इथल्या पुरुषांना विचारलं होतं की बायकांना मत द्यायचं का, तर तीनातल्या दोघांनी नाही म्हटलं. म्हणजे म्यूरेनच्या उतारावरून सतरा वर्षांची परदेशी पोरगी वर्ल्ड चॅम्पियन झाली ते बघणारी गावातली तिच्याच वयाची मुलगी पहिलं मत देईपर्यंत सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची झाली असणार. पैसा, सुट्टी, इंग्लंडहून यायचं तिकीट, हे ज्यांच्याकडे होतं त्यांच्याच पायात स्की आल्या आधी. राखणदार नव्हता खरं, पण बागेपर्यंत पोचायलाही गाडीभाडं लागत होतं.

अर्थात इथल्याही गप्प बसल्या नाहीत. १९२९ मध्ये स्विस बायकांनी स्वतःचा स्की क्लब काढला, १९३२ मध्ये ग्लारुसच्या रोझली श्ट्राइफने इटलीत स्लॅलमचं जगज्जेतेपद मारलं, आणि १९३९ पासून शेजारच्या ग्रिंडेलवाल्डला बायकांच्या मोठ्या शर्यती सुरू झाल्या. मताचा हक्क नाही आणि वर्ल्ड चॅम्पियन आहे, असा हा देश. ब्रिटिश पोरी मग मागे पडत गेल्या, साहजिकच आहे, वर्षातून सहा आठवडे बर्फ बघणारी कुठवर टिकणार. १९३६ मध्ये ऑलिंपिकला पहिल्यांदा हा प्रकार आला तेव्हा सोनं जर्मनीच्या क्रिस्टल क्रान्त्सने नेलं, त्या बाईने पुढे मागे मिळून बारा वर्ल्ड टायटल्स घेतली. आपल्याकडची शैलजा कुमार १९८८ ला कॅलगरीत स्लॅलममध्ये उतरली, हिवाळी ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय बाई. अठ्ठाविसावी आली. बऱ्याच जणी खाली पोचल्याच नव्हत्या, ही पोचली.

दुसऱ्या दिवशी मी परत बेबी स्लोपवर. आई परत बाकावर. पण आज मी मुद्दाम विचारलं, "तुला काल कसं काय कळलं गं, वजन पुढे टाकायचं ते?"

"सायकल," आई म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्रेचाळीस वर्षांत मला न सांगितलेलं. घरात एकच सायकल, मोठ्या मामाची, काळी, दांडीवाली. मुलींनी हात लावायचा नाही. तर ही अकरा वर्षांची, उन्हाळ्यात दुपारी सगळे जेवून झोपले की सायकल हळूच काढायची, चेन वाजू नये म्हणून उचलून धरायची, आणि मारुतीच्या देवळामागच्या उतारावर न्यायची. सीटवर पाय पुरायचे नाहीत म्हणून दांडीखालून एक पाय घालून, तिरकी लोंबकळत, अर्धं अर्धं पायडल मारायचं. "उतारावर घाबरून मागं अंग टाकलं की आपटलीच समज. पुढं झुकायचं. जिकडं भीती वाटते तिकडंच तोंड करायचं." ढोपराचा व्रण तिने कोट, स्वेटर, सलवार असं सगळं वर करून मला तिथे बर्फात दाखवला. शेजारच्या बाकावरची स्विस आजी बघतच राहिली.

"मग?" मी म्हटलं. "पुढे?"

"पुढं काय. एक दिवस मामा जागा झाला."

तिने थर्मासचं झाकण फिरवलं, चहा ओतला, मला दिला. समोर शिल्टहॉर्नवर ऊन आलेलं. मी बोटाने दाखवलं, ते तिथून, त्या टोकावरून, ती बाई तिथून खाली आली होती. आईने डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं, टोकापासून खाली गावापर्यंत आणि गावापासून दरीच्या कडेपर्यंत नजर फिरवली.

"चौथी ना?"

"चौथी."

"म्हणजे पुढं तिघंच." ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "आणि मागं किती बाप्ये?"

"बरेच."

"बरेच म्हणजे?"

"खूप गं आई."

"असू दे," म्हणाली, आणि माझ्या हातातला कप काढून घेतला. "ऊठ. गार होईल अंग. आणि आज मागं बसलीस तर बघ."